परक्या विमानातले मैल

विमानकंपन्यांच्या हिशेबात मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर चार हजार मैलांहून थोडं जास्त आहे, हजार मैल आहे आणि शून्य मैलही आहे. एकाच रात्री, एकाच विमानात, एकाच रांगेत. खिडकीशी बसलेल्याच्या खात्यात सगळे मैल जमा होतात, मधल्याच्या खात्यात पाव हिस्सा, आणि कडेला बसून रात्रभर दोघांना वाट करून देणारीच्या खात्यात काहीच नाही. जेवण तिघांना तेच मिळालेलं असतं आणि पुढच्या रांगेतल्या बाळाच्या रडण्यातला वाटाही सारखाच.

भूगोलाची ही वाटणी तिकिटावरचं एक इंग्रजी अक्षर करतं. आपण सरसकट इकॉनॉमी म्हणतो, पण कंपनीकडे तिचेही डझनभर भाव असतात आणि प्रत्येक भावाला एक अक्षर. 'वाय' हे पूर्ण भाड्याचं, खानदानी. मग उतरत्या क्रमाने बाकीची, आणि तळाशी सेलमध्ये खपवली जाणारी. स्वतःच्या विमानापुरतं हे अक्षर आता फारसं महत्त्वाचं उरलेलं नाही. तुम्ही किती पैसे मोजलेत हे कंपनीला ठाऊकच असतं, त्यामुळे बऱ्याच कंपन्या आपल्या विमानातल्या प्रवासाचे पॉइंट सरळ भाड्याच्या रकमेवर देतात. पण तुम्ही गेलात भागीदार कंपनीच्या विमानाने आणि कार्ड दाखवलंत आपल्या कंपनीचं, तर आपल्या कंपनीला तुमचा खर्च दिसत नाही. तिला कळतात त्या दोनच गोष्टी: किती लांब गेलात आणि कुठल्या अक्षरावर गेलात. या दोहोंच्या गुणाकाराला स्टेटस म्हणतात.

मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करते. आमचे सुटे भाग जर्मनीतल्या गाड्यांमध्ये बसतात, आणि एखादा नीट बसला नाही की मला तिकडे जावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी मेल येते, सोमवारी सकाळी तुमचं माणूस इथे हवं. अशा वेळी तिकीट मिळतं ते महागातलं, वरच्या अक्षराचं. पैसे कंपनी भरते, मैल माझ्या नावावर पडतात. फ्रँकफर्टपर्यंत त्याच विमानाने माझी आई जाते आणि पुढे न्यू जर्सीला भावाकडे. तिचं तिकीट भाऊ कित्येक महिने आधी, वहिनीची रजा आणि मुलांच्या परीक्षा बघून, सेल लागला की काढतो. जिने इतकं आधीपासून ठरवून प्रवास केला तिला शून्य, आणि जी घाईघाईत, नाइलाजाने, दुसऱ्याच्या पैशाने गेली तिला शंभर टक्के. हे मी आईला एकदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पाय तर माझेही सुजले होते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपन्यांकडे आहे, पण ते त्या बोलून दाखवत नाहीत.

या सगळ्याची सुरुवात तशी साधी होती. अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण 1978 साली उठलं, कंपन्या एकमेकींचे प्रवासी पळवू लागल्या, आणि 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' नावाची योजना आणली: आमच्याच विमानाने जात राहा, मैल साठवा, पुढचं तिकीट फुकट घ्या. युनायटेडने काही दिवसांतच आपली योजना काढली. तेव्हा 'आमच्याच' या शब्दाला वजन होतं. पुढे 14 मे 1997 रोजी लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, एसएएस आणि थाई या पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स काढली, मग वनवर्ल्ड आली, मग स्कायटीम, आणि 'आमच्याच'मध्ये व्याही, भाचे, मावसभाऊ असं सगळं गणगोत मावू लागलं. भरपूर मैल साठवणाऱ्याला मिळणारं एका कंपनीचं सोनेरी कार्ड, म्हणजे गोल्ड, दुसरीच्या दारात चालतं ते लग्नघरात व्याह्यांकडच्या पाहुण्याला पुढच्या पंगतीत बसवतात त्या न्यायाने. त्याला नावाने कुणी ओळखत नाही, कुणाकडचा आहे ते ओळखतात.

एअर इंडियाला या पंगतीत बसायला बराच वेळ लागला. स्टार अलायन्सचं आमंत्रण 2007 सालचं. 2011 मध्ये अटी पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून अलायन्सने प्रक्रियाच थांबवली, आणि प्रवेश झाला तो 11 जुलै 2014 रोजी. माझं खातं त्यानंतरचं. त्याच्या बऱ्याच आधी, 2008 मध्ये, लुफ्तान्साची पुणे ते फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू झाली होती. चाकण-पिंपरीतल्या जर्मन कंपन्यांच्या जिवावर चालणारं छोटंसं बोइंग. क्रमांक लुफ्तान्साचा, पण विमान आणि त्यातली माणसं प्रायव्हेटएअर नावाच्या स्विस कंपनीची. ही कंपनी डिसेंबर 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या लोहगावहून उडणाऱ्या त्या विमानाने आमच्या पिढीच्या इंजिनिअरांना एक धडा दिला: तिकिटावर ज्याचं नाव आहे त्याचंच विमान असेल असं नाही. भागीदारीच्या मैलांमध्ये हा प्रश्न पावलोपावली येतो. काही योजना उडवणारी कंपनी कोण ते बघतात, काही विकणारी कोण ते. एकाच विमानाला तीन कंपन्यांचे तीन क्रमांक असतात आणि कुठल्या क्रमांकावर तिकीट काढलंत त्यावरून अंतर बदलतं. नियमांची ही पानं वाचताना मला आमच्याकडची खरेदीखतं आठवतात. सातबारा एकाचा, कूळ दुसरं आणि आंबे काढणारा तिसराच.

एवढी गुंतागुंत असली की तिच्यातून वाट काढणारे जन्माला येतातच. ग्रीसची एजियन ही कंपनी 2010 मध्ये स्टार अलायन्समध्ये आली, तेव्हा तिचं गोल्ड अवघ्या 20,000 मैलांवर मिळत असे. फ्रँकफर्टमार्गे मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन 16,000 मैलांच्या आसपास होतात. म्हणजे पूर्ण मैल देणाऱ्या तिकिटावर अमेरिकेची एक वारी आणि वर थोडंसं काही केलं की झालात सोनेरी, तेही ग्रीक कंपनीच्या विमानात पाऊल न टाकता. जगभरच्या लोकांनी ही खाती उघडली. त्यांत अथेन्स नकाशात दाखवता आलं नसतं असेही असणार. एजियनच्या हे लक्षात आलं आणि 2014 च्या अखेरीस तिने पट्टी उंचावली: आमच्या विमानाने चार वेळा गेलात तर 24,000, न जाता कार्ड हवं असेल तर दुप्पट, 48,000. हा नियम मला फार प्रामाणिक वाटतो. आपल्या घरी कधीही न आलेल्या नातेवाइकाची नेमकी किंमत सांगणारा दुसरा नियम मी पाहिलेला नाही.

लंडनला माझा एक आतेभाऊ आहे. त्याचं सगळं गणित ब्रिटिश एअरवेजच्या टियर पॉइंटवर, म्हणजे कार्डाचा दर्जा ठरवणाऱ्या गुणांवर चाले. बिझनेस क्लासच्या दोन हजार मैलांहून लांब टप्प्याला 140 पॉइंट मिळत, मग विमान वनवर्ल्डमधल्या कतार एअरवेजचं का असेना. लंडन ते दोहा हा टप्पा त्यात बसतो. दोहा ते मुंबई बसत नाही, कारण ते अंतर 1,400 मैलांच्या जवळपास आहे, तिथे 80 वरच भागवावं लागे. दोहा ते कोलंबो मात्र दोन हजारांच्या पलीकडे जातं. त्यामुळे आमच्या आत्याला भेटायला निघालेला हा मुलगा एका वर्षी कोलंबोमार्गे आला. आत्याला वाटलं श्रीलंकेत काही काम असेल. तिला आम्ही अजून खरं सांगितलेलं नाही. 1 एप्रिल 2025 पासून ब्रिटिश एअरवेजनेही पॉइंट पौंडांवर बांधले, गोल्डसाठी 20,000 पॉइंट, म्हणजे ढोबळमानाने तितके पौंड, आणि आतेभाऊ सरळ मार्गाने येऊ लागला.

त्याला हसावं तर आमच्या ऑफिसातही काही वेगळं नाही. डिसेंबर उजाडला की ज्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजलं जातं ते अस्वस्थ होतात. गोल्डला थोडेसेच मैल कमी पडताहेत, म्हणून एक सहकारी शनिवारी रात्री सिंगापूरला गेला आणि विमानतळाच्या बाहेरही न पडता रविवारी परतला. सोमवारी तो डोळे चोळत मीटिंगला बसला होता आणि आम्ही सगळे त्याचं अभिनंदन करत होतो. त्याच्या बायकोने मात्र त्याला सुनावलं म्हणे, "तिथून निदान मुलांसाठी चॉकलेटं तरी आणायची." 2024 मध्ये याहून मोठा तमाशा झाला. स्कँडिनेव्हियाची एसएएस ही स्टार अलायन्सच्या पाच संस्थापकांपैकी एक; ती सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्कायटीममध्ये गेली. नव्या सासरची ओळख व्हावी म्हणून तिने आपल्या सभासदांना सांगितलं, वर्ष संपायच्या आत स्कायटीममधल्या 15 वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांत बसा, दहा लाख पॉइंट देते. लोक खरोखर जग पालथं घालत फिरले. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीवरची निष्ठा इतर कंपन्यांच्या खुर्च्यांवर बसून सिद्ध करायची, आणि तीही तिच्या जुन्या सोयऱ्यांकडे पाठ फिरवून.

पैसा कुठून कुठे जातो हे कळलं की यातलं कोडं सुटतं. लुफ्तान्साच्या विमानातून गेलेल्या बाईचे मैल एअर इंडियाच्या खात्यात जमा होतात ते कौतुकापोटी नव्हे; उडवणारी कंपनी ते खातं चालवणाऱ्या कंपनीकडून विकत घेते. लाउंजमध्ये मी जो उपमा किंवा प्रेत्झेल खाते त्याचंही बिल दोन कंपन्यांमध्ये मागाहून मिटतं. सेलच्या तिकिटावर शून्य मैल मिळतात कारण त्या भाड्यात दुसऱ्या कंपनीला द्यायला कुणाला काही उरवायचं नसतं. हा धंदा किती मोठा आहे ते करोनाने दाखवलं. 2020 च्या उन्हाळ्यात विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मायलेजप्लस ही योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, त्यांवर कर्ज द्यायला सावकार का कू करत होते, पण लोकांच्या मैल साठवण्याच्या सवयीवर त्यांचा पुरता भरवसा होता.

उलटही घडतं. जेट एअरवेजचं सोनेरी कार्ड माझ्या कितीतरी ओळखीच्यांकडे होतं. एका पिढीच्या मराठी आईवडिलांनी अमेरिका पाहिली ती जेटच्या ब्रसेल्सच्या थांब्यातून, आणि 2016 नंतर ॲमस्टरडॅमच्या. पुढचा टप्पा भागीदार कंपनीचा असला तरी मैल जेटच्या खात्यात येत, आणि कार्ड पाकिटात पुढच्या कप्प्यात असे. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. साठवलेले मैल वाचले, कारण ती योजना वेगळी कंपनी म्हणून उभी होती. काही महिन्यांनी ती इंटरमाइल्स नावाने चालू राहिली, हॉटेल आणि खरेदीसाठी. पण सोनेरीपणा गेला. जो दरवाजा उघडायचा तो दरवाजाच उरला नाही.

आता आईकडे येते, कारण तिच्या खात्याची कथा अजून सांगायची आहे. तिला खातं हवं होतं ते एअर इंडियाचंच, महाराजामुळे. 1946 साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून उतरलेला तो मिशाळ, वाकून नमस्कार करणारा महाराजा तिने लहानपणी कॅलेंडरांवर पाहिला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात मिसळली तेव्हा दोघींच्या योजना एक झाल्या आणि नव्या योजनेला नाव मिळालं महाराजा क्लब, त्याचा आनंद आमच्या घरात बहुधा एकट्या आईला झाला. मी खातं उघडून दिलं. मग एकदा भावाने तिचं तिकीट जरा वरच्या अक्षराचं काढलं, अर्धे मैल देणारं. भागीदार कंपनीच्या विमानाने ती गेली, आली, आणि मैल आले नाहीत.

कारण तिचं नाव. आपल्याकडे बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव लागतं आणि मग आडनाव. पासपोर्टाच्या दोन रकान्यांत ही तीन नावं बसवताना आई आणि बाबा एका रकान्यात येतात. तिकिटाचा संगणक त्यांच्यामधली जागा खातो आणि वर मिसेस चिकटवतो. बोर्डिंग पासवर आई म्हणजे तिचं नाव, बाबांचं नाव आणि मिसेस असा एकवीस-बावीस अक्षरांचा एकच अखंड शब्द. खात्यात मात्र ती नुसती स्वतःच्या नावाने आणि आडनावाने होती. संगणकाच्या मते या दोन वेगळ्या बाया. मी अर्ज केला, बोर्डिंग पास जोडले. उत्तर आलं, प्रवाशाचं आणि सभासदाचं नाव जुळत नाही. पासपोर्टाची प्रत पाठवली. उत्तर आलं, मुदत उलटली. ज्या कंपनीच्या विमानात ती बसली ती म्हणे खातेवाल्या कंपनीला विचारा, खातेवाली म्हणे उडवणाऱ्याला. व्याह्यांच्या भांडणात पाहुणा उपाशी राहतो तसं झालं. शेजारच्या पंजाबी काकूंचे मैल मात्र आपसूक आले. त्यांच्या नवऱ्याचं नाव त्यांच्या नावात नाही.

आईला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटतं ते बॅगचं. स्टार अलायन्सच्या गोल्ड सभासदाला एक बॅग जादा नेता येते. लाउंजचं कौतुक इंग्रजी मासिकांत फार असतं, पण आमच्यासारख्या घरांत गोल्ड म्हणजे तेवीस किलो. तेवीस किलोत भाजणी येते, गोडा मसाला, मेतकूट, कुरडया, डिंकाचे लाडू, आणि नातीसाठी परकर-पोलकं तर येतंच. निघण्याच्या आदल्या रात्री आई हॉलमध्ये वजनकाट्याशी बसते आणि एकेक पुडी बाहेर काढत जाते. कुरडया शेवटी निघतात, कारण त्या हलक्या असतात आणि जागा खातात. मी जर्मनीला जाते तेव्हा माझ्याकडे एक लॅपटॉप, मोजमापाची अवजारं आणि वादाचा सुटा भाग असतो. माझी हक्काची जादा बॅग मी आजवर नेलेली नाही. कार्डावर नाव माझं असल्याने ती आईला देता येत नाही. मी तिच्याबरोबर त्याच विमानात असले तर तिला लाउंजमध्ये नेता येतं, एका पाहुण्याची मुभा असते. बॅग तेव्हाही माझीच राहते.

हा अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. धंदा आहे, आणि धंद्याने कुणाला मान द्यायचा हे धंदा ठरवणार. पण मान आणि गरज यांची इतकी व्यवस्थित फारकत दुसरीकडे क्वचित दिसते. गेटवर नाव घेऊन आधी बोलावतात ते पाठीवर एक सॅक टाकून पळत येणाऱ्या तरुणाला. ज्यांना आत शिरून खुर्ची शोधायला, वरच्या कप्प्यात पिशवी ठेवायला आणि शेजाऱ्याची ओळख करून घ्यायला वेळ हवा असतो ते शेवटच्या गटात, हातात बोर्डिंग पास घट्ट धरून उभे असतात. मीही पहिल्या गटात जाते, मागे वळून बघते, आणि जाऊन बसते.

म्हणून ज्यांना आईवडिलांची तिकिटं काढायची असतात त्यांना एवढंच सांगणं: त्यांच्यासाठी भागीदारीच्या मैलांचे तक्ते बघत बसू नका. सेलच्या अक्षरावर काही जमा व्हायचं नाही, आणि झालंच तर आपल्या नावांमुळे अडकेल. त्याऐवजी मधल्या थांब्यात किती तास आहेत ते बघा. फ्रँकफर्टला एका गेटवरून दुसऱ्यावर जायला सत्तरीच्या माणसाला तासभर पुरत नाही. खातं उघडायचंच असेल तर नाव पासपोर्टावर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट भरा. आणि चालणं जड जात असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. तिला कुठलंही कार्ड लागत नाही, आणि सेलच्या तिकिटावरही ती मिळते.